पंचविशीच्या आत हेअर ट्रान्सप्लांट करायचंय? मग आधी कामांचा क्रम सरळ करा

बहुतेक पोरं सुरुवात करतात ती "एका ग्राफ्टला किती?" या प्रश्नापासून. (ग्राफ्ट म्हणजे मागून काढून पुढे लावायचा केसांचा छोटा पुंजका.) मग हप्ते किती, मग तारीख कधीची, मग टोपी घालून ऑफिसला कधी जाता येईल. केस नेमके कशामुळे जातायत आणि अजून किती जाणार आहेत, हे विचारायचं राहूनच जातं. सेंटरवालाही ते आपणहून काढत नाही.

मीही २३ व्या वर्षी हेच केलं. लावलेली केसांची पुढची रेघ आज चौदा वर्षांनीही जागच्या जागी आहे, दाट. पण तिच्या मागचे मूळचे केस पुढच्या सहा-सात वर्षांत गेले. आता रेघ, मग दोन बोटं मोकळी पट्टी, मग विरळ टाळू असा प्रकार आहे. कोल्हापुरात रंकाळ्यावर संध्याकाळचा वारा सुटला की मी तळ्याकडे तोंड करून उभा राहतो, म्हणजे केस मागे जात नाहीत. ऑपरेशन बिघडलं नव्हतं. वेळ चुकली होती.

पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. पहिल्या तीन टप्प्यांना मिळून वर्ष-दीड वर्ष जातं (दुसरा आणि तिसरा बरोबरीने चालतात), आणि नेमके तेच टप्पे सगळे गाळतात.

## टप्पा १: आधी निदान, तेही सेंटरबाहेर

त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ज्याला तुमच्या ऑपरेशनमधून पैसे मिळणार नाहीत अशाकडे. राजारामपुरी-शाहूपुरीत खासगी दवाखाने आहेत, सीपीआर या सरकारी रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे. तिथे एकच प्रश्न विचारायचा: माझं हे अनुवंशिक टक्कल आहे की दुसरं काही?

'दुसरं काही'ची यादी छोटी नाही. डेंग्यू, टायफॉइड किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात आणि बहुतेकदा आपोआप परत येतात. उपाशी राहून वजन उतरवलं, तरी तेच होतं. थायरॉइड बिघडलं, शरीरातलं लोह कमी झालं तरी गळती होते. चाई पडली असेल तर तो वेगळाच आजार, त्यात ट्रान्सप्लांट बहुतेक वेळा वाया जातं. डोक्यातला नायटा, म्हणजे बुरशी, तर औषधाने बरा होतो. यातलं काहीही असलं तर ऑपरेशनचा विषय तिथेच थांबतो.

डॉक्टर डर्मोस्कोपने, म्हणजे भिंगाच्या छोट्या यंत्राने, टाळू बघतील. अनुवंशिक टकलात जाड आणि बारीक केस शेजारी-शेजारी दिसतात, कारण डीएचटी या हार्मोनमुळे केस गळून पुन्हा उगवण्याच्या दर फेरीला त्याचं मूळ थोडं लहान होत जातं. मागची बाजूही याच भिंगाने बघायला सांगा. काही जणांचे मागचे केससुद्धा बारीक होत असतात. पुढे लावायचे केस तिथूनच येतात, त्यामुळे तेच कच्चे असतील तर लावलेलेही टिकत नाहीत. अशा माणसाचं ट्रान्सप्लांट करूच नये. विशीतल्या पोरांमध्ये हे तपासल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे कुजक्या बियाण्याने पेरणी.

दोन गोष्टी डॉक्टरांपासून लपवू नका. एक, जिममधली इंजेक्शनं. टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या भावंडांनी अनुवंशिक गळती वेगाने वाढते. तालमीतल्या पोरांनाही हे लागू आहे, आणि घरी कळेल या भीतीने ती डॉक्टरांनाही सांगत नाहीत. दोन, बायोटिनच्या गोळ्या. केसांसाठी म्हणून घेतल्या जातात, पण थायरॉइडच्या रक्ततपासणीचा आकडा त्या चुकवू शकतात. तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारून घ्या.

तपासा: निदान कागदावर लिहून मिळालं का? "हेअर फॉल" हे निदान नव्हे.

## टप्पा २: वर्षभर फोटो, आणि घरचा अल्बम

आरशात रोज बघून काही कळत नाही, उलट डोकं फिरतं. दर महिन्याच्या एकाच तारखेला फोटो काढा. जागा तीच, दिवा तोच, केसांची लांबी साधारण तीच. समोरून, दोन्ही बाजूंनी, मान खाली घालून टाळूचा, आणि मागचा. टाळूचा आणि मागचा फोटो भावाला किंवा सलूनवाल्याला काढायला सांगा. ओले केस नेहमी विरळ दिसतात, त्यामुळे फोटो कोरड्या केसांचेच.

पोरांची सर्वांत मोठी गफलत इथे होते. सतरा ते पंचवीसच्या दरम्यान बहुतेक पुरुषांची केसांची रेघ थोडी वर सरकते. पोरसवदा रेघ जाते, पुरुषी रेघ येते. हे टक्कल नव्हे. भुवया वर उचला, कपाळावर सगळ्यांत वरची आठी दिसेल. रेघ त्या आठीच्या वर एक-दीड सेंटिमीटरवर असेल आणि वर्षभरात हलली नसेल, तर घाबरायचं कारण बहुतेक नाही. दोन्ही कोपरे खोल जात असतील किंवा टाळूवर भोवरा मोठा होत असेल, तर गोष्ट वेगळी.

आता घरातली लग्नाची अल्बमं काढा. मामांवर जातं असं आपल्याकडे म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. गुणसूत्रं दोन्हीकडून येतात. वडील, काका, आजोबा, मामा, आईचे वडील या सगळ्यांचे तिशीतले आणि पन्नाशीतले फोटो शेजारी ठेवा. माझ्या दोन्ही काकांच्या कानांच्या वर फक्त पट्टी उरली होती. मी ती रोज बघत होतो आणि तरी सेंटरमध्ये फक्त माझ्या कपाळाबद्दल बोललो.

सावध: केसांमुळे मित्रांच्या लग्नाला जाणं टाळताय, दिवसातून वीस वेळा आरसा बघताय, झोप उडालीय, असं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. मन या अवस्थेत असताना केलेलं ऑपरेशन कितीही चांगलं झालं तरी समाधान देत नाही.

## टप्पा ३: वर्षभर औषध, डॉक्टरांच्या देखरेखीत

ट्रान्सप्लांट केस हलवतं, गळती थांबवत नाही. गळती थांबवायचं काम औषधाचं. तरुण माणसाचं ऑपरेशन जे बिघडतं, ते बहुतेक वेळा यामुळे: लावलेले टिकतात, आजूबाजूचे जातात.

औषधं मुख्यतः दोन. मिनॉक्सिडिल टाळूला लावायचं. पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात, पोरं घाबरून बाटली फेकून देतात. ती गळती अपेक्षित असते. फरक दिसायला चार महिने तरी लागतात, आणि बंद केलं की मिळालेला फायदा काही महिन्यांत जातो. फिनास्टेराइड ही गोळी डीएचटी कमी करते. अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी तिला १९९७ साली मान्यता मिळाली. तिचा हिशोब वर्षभराने करायचा, महिन्याने नाही.

ही गोळी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेऊ नका. मूळ चाचण्यांत शंभरात साधारण चार जणांना लैंगिक तक्रारी आल्या, आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या गटातही साधारण दोघांना. म्हणजे धोका मोठा नाही, पण आहे. उदासी येऊ शकते, क्वचित आत्महत्येचे विचार येऊ शकतात. आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा, आणि घरात कुणा एकाला तरी ही गोळी चालू असल्याचं माहीत असू द्या. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर तेही बोला. घरात कुणी गरोदर असेल तर तिने फुटलेली गोळी हाताळायची नाही.

आणखी एक, जे कोल्हापुरात हमखास विसरलं जातं. गणपतीत मंडळाचं रक्तदान शिबिर असतं आणि पोरं रांगेत उभी राहतात. फिनास्टेराइड चालू असताना रक्त देऊ नये, बंद केल्यावरही किमान महिना जाऊ द्यायचा. ते रक्त गरोदर बाईला गेलं तर पोटातल्या मुलग्याला धोका असतो. फॉर्म भरताना गोळीचं नाव सांगा.

पीआरपीबद्दल, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग टाळूत टोचण्याबद्दल, थोडक्यात: काहींना फायदा होतो, काहींना नाही, आणि ते वरच्या दोन औषधांच्या जागी चालत नाही. दहा बैठकांचं पॅकेज आगाऊ घेऊ नका.

तपासा: वर्षाखेरीस पहिल्या महिन्याचा आणि बाराव्या महिन्याचा फोटो शेजारी ठेवा. गळती थांबली असेल तर कित्येकांना ऑपरेशनची गरजच वाटत नाही. गळती चालूच असेल तर ऑपरेशनची घाई आणखी धोक्याची. "औषध घेणार नाही, फक्त ट्रान्सप्लांट करा" असं म्हणणाऱ्या बावीस वर्षांच्या पोराला चांगला सर्जन परत पाठवतो.

## टप्पा ४: ग्राफ्टचा हिशोब, स्वतः कागदावर

हा टप्पा नीट करा. कॅल्क्युलेटर घ्या.

ग्राफ्ट म्हणजे एक ते चार केसांचा नैसर्गिक पुंजका, सरासरी दोन केसांचा. डोक्याच्या मागच्या सुरक्षित पट्ट्यातून आयुष्यभरात मिळून साधारण ५००० ते ६००० ग्राफ्ट काढता येतात, अनेकांना त्याहून कमी. काढलेल्या जागी पुन्हा केस येत नाहीत. ही विहीर आहे, नदी नाही.

आता खर्चाची बाजू. टक्कल पूर्ण पडलं, म्हणजे नॉरवूड मापात (पुरुषांच्या टकलाच्या एक ते सात पायऱ्या) सहा-सातवर गेलं, तर उघडी जागा २०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्त होते. मूळची घनता दर चौरस सेंटिमीटरला ७०-८० पुंजके. ट्रान्सप्लांटमध्ये पुढच्या बाजूला ४० धरू.

२०० × ४० = ८०००.

जवळ आहेत ५०००-६०००. म्हणजे मोठं टक्कल पडणाऱ्या माणसाला पूर्ण दाट डोकं कोणताच सर्जन देऊ शकत नाही. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे उघडं हे ठरवावंच लागतं. पन्नाशीच्या माणसाचं टक्कल दिसत असतं, त्याला ते ठरवता येतं. बाविसाव्या वर्षी तुम्ही नकाशा नसताना जमीन वाटत असता.

पुढच्या भागात २५०० ग्राफ्ट लावले की निम्मी शिल्लक संपली. मागचं टक्कल वाढत गेलं तर उरलेल्यात टाळू झाकायची, आणि मागचा पट्टा फार उपसला तर तो कुरतडल्यासारखा दिसतो. दाढीचे केस भर म्हणून वापरतात, पण त्यांचा पोत राठ असतो.

सावध: "५००० केस, फक्त इतक्या रुपयांत" ही जाहिरात ५००० ग्राफ्टची नसते, २५०० ची असते. कोट, म्हणजे खर्चाचा आकडा, नेहमी ग्राफ्टमध्ये मागा.

## टप्पा ५: रेघ कुठे, हे पेनने ठरतं

सल्ल्याच्या खोलीत काय होतं ते सांगतो. समोर गोल आरसा, वर पांढरा दिवा, हातात जांभळं मार्कर घेतलेला काउन्सेलर. डॉक्टर नव्हे. त्याने माझ्या भुवयांवर तीन बोटं ठेवली आणि तिथे रेघ ओढली. आरशात मी एकदम दहावीतला दिसलो. सोबत आलेली आत्या म्हणाली, "हीच ठेवा की ओ, पाहुणं एकदा बघून गेलं म्हंजे झालं." मी होकार दिला. सगळ्या निर्णयाला चार मिनिटं लागली.

त्या रेघेची किंमत अशी. रेघ साधारण १५ सेंटिमीटर रुंद असते. ती एक सेंटिमीटर खाली घेतली की १५ चौरस सेंटिमीटर जागा वाढते, आणि ४० ने गुणलं की ६०० ग्राफ्ट. आयुष्यभराच्या साठ्याचा दहावा हिस्सा, एका बोटाच्या जाडीसाठी. शिवाय चाळिशीत, चेहरा भरल्यावर, ती खालची सरळ रेघ टोपासारखी दिसते.

पुरुषी रेघ भुवयांच्या मधोमध भागापासून साधारण ७ ते ९ सेंटिमीटर वर असते, कोपऱ्यांना थोडी आत गेलेली. सर्जन खाली ओढत असेल तर "पन्नासाव्या वर्षी ही कशी दिसेल?" असं विचारा. तो वर ओढत असेल आणि तुम्हाला राग येत असेल, तर तो सर्जन बहुतेक चांगला आहे.

## टप्पा ६: करणार कोण, आणि खोलीत काय आहे

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये हेअर ट्रान्सप्लांटबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. यूट्यूब बघून किंवा नुसत्या कार्यशाळेला बसून आलेलं ज्ञान पुरेसं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोगातलं रीतसर शिक्षण घेतलेला डॉक्टर हवा. मदतनीस चालतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीत. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. नाव आणि नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका.

हे सगळं कशासाठी, तर २०१६ साली चेन्नईत हेअर ट्रान्सप्लांटनंतर दोन दिवसांत बावीस वर्षांचा एक वैद्यकीय विद्यार्थी गेला. डॉक्टरकी शिकणारं पोर. "केसांचंच तर आहे" ही समजूत त्यालाही वाचवू शकली नाही.

विचारायचे प्रश्न:

- टाळूला छेद कोण देणार, डॉक्टर की टेक्निशियन? डॉक्टर किती वेळ खोलीत असतील? त्याच दिवशी आणखी किती पेशंट आहेत?
- भुलीच्या औषधाचा डोस माझ्या वजनावरून काढणार का? लिग्नोकेनला, म्हणजे टाळू बधिर करणाऱ्या याच औषधाला, मर्यादा असते. एड्रेनलिनसोबत दिलं तर दर किलोला साधारण ७ मिलिग्रॅम. ६० किलोच्या पोरावर दिवसभर बैठक चालवून भूल देत राहिलं की ती ओलांडली जाऊ शकते.
- ऑक्सिजन, मॉनिटर, ॲलर्जी आली तर लागणारी इंजेक्शनं खोलीत आहेत का? भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतील?
- एफयूई की एफयूटी, आणि माझ्यासाठी तेच का? एफयूटीत मागे पट्टी काढून टाके घालतात, आडवा व्रण राहतो. एफयूईत एकेक पुंजका सुटा काढतात, बारीक ठिपके राहतात.

शेवटच्या प्रश्नाला आपल्याकडे एक वेगळी बाजू आहे. उद्या तिरुपतीला केस द्यायचे झाले, किंवा घरात कुणी गेलं आणि डोकं भादरावं लागलं, तर तो व्रण घाटावर सगळ्या भावकीला दिसतो. ठिपकेही दिसतात, कमी. हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. जखम उंचवटा धरून भरते, म्हणजे किलॉइडची सवय आहे का, तेही सांगा.

पैशांचं थोडक्यात. सौंदर्यासाठीच्या हेअर ट्रान्सप्लांटवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो कोटमध्ये धरलाय का ते विचारा. मेडिक्लेममधून हे मिळत नाही. ग्राफ्टची संख्या, डॉक्टरांचं नाव, पैसे परत मिळण्याच्या अटी असलेली पक्की पावती घ्या. "आज बुक केलं तरच ही सूट" असं म्हटलं की चहा संपवून उठा.

## टप्पा ७: तारीख, कोल्हापूरचं कॅलेंडर बघून

लग्नासाठी करायचं असेल तर लग्नाआधी किमान एक वर्ष. दोन महिने आधी केलंत तर मंडपात सगळ्यांत वाईट अवस्थेत उभे राहाल, कारण लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळतात आणि तीन-चार महिन्यांनी फुटू लागतात.

गुलाल. जोतिबाची चैत्र यात्रा, गणपतीची मिरवणूक, निवडणुकीचा निकाल, शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा विजय, सगळीकडे गुलालच. ताज्या टाळूवर तो बसला तर खाज, पुटकुळ्या, संसर्ग. यातलं काहीही तोंडावर असताना तारीख घेऊ नका. ओळखीच्या पोरांच्या गुलालापासून लपायचा दुसरा मार्ग नाही.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम असेल तर भट्टीजवळचा घाम आणि सेफ्टी हेल्मेट दोन्ही अडचणीचे. रजा आधी मंजूर करून घ्या. गाडीचं हेल्मेटही निदान दोन आठवडे, डॉक्टर सांगेपर्यंत, घालता येत नाही, म्हणजे तेवढे दिवस गाडी नाही. फुटबॉल खेळत असाल तर हेडिंगबद्दल वेगळं विचारा. पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी चालू असेल तर भरती होऊ द्या, मग बघा.

मावा, सिगारेट, तंबाखू किमान दोन आठवडे आधी आणि दोन आठवडे नंतर बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, ग्राफ्टला रक्त कमी मिळतं. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या चालू असतील तर स्वतः बंद करू नका, सर्जनला सांगा.

## टप्पा ८: ऑपरेशननंतर

पहिले काही दिवस डोकं उंच ठेवून झोप. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांपर्यंत उतरते, दिसते भयंकर पण बहुतेकदा ओसरते. ग्राफ्ट पहिले दहा दिवस कच्चे असतात. खपल्या नखाने काढू नका. धुणं फक्त सांगितलेल्या पद्धतीने. पंचगंगेत किंवा टाकीत पोहणं महिनाभर नाही, जिम डॉक्टर सांगतील तेव्हा.

लगेच फोन करा: ताप, पू, वाढत जाणारं दुखणं, काळी पडत जाणारी त्वचा. धाप लागली, छातीत धडधडलं, अंगावर गांधी उठल्या तर फोनची वाट न बघता जवळचं मोठं हॉस्पिटल.

सहाव्या महिन्यात निम्मंच दिसतं, पूर्ण निकाल १२ ते १८ महिन्यांनी. तोवर टप्पा ३ मधलं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आणि टप्पा २ मधले फोटोही चालू. सेंटरकडून पाचव्या-सहाव्या महिन्यात दुसऱ्या बैठकीसाठी फोन येईल. मला आला होता, सवलतीसह. त्यांना बाराव्या महिन्याचा फोटो काढून झाल्यावर फोन करायला सांगा.